तीस मात्रांचा विलंब

आम्ही दोघेही रायगड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक जण छंदःशास्त्र आणि संतकाव्य, दुसरी भाषाविज्ञान. अशी दोन माणसे एका घरात नांदू लागली की त्या घरात बोलण्याला नको इतके महत्त्व येते. आमच्याकडे जेवताना शब्दांच्या व्युत्पत्ती निघतात, वर्तमानपत्रातल्या वाक्यांची शस्त्रक्रिया होते, आणि कोटीला तत्काळ प्रतिकोटी न करणारा मनुष्य आम्हांला मनातल्या मनात थोडा उणा वाटतो. हजरजबाबीपणा हा गुण की नुसती सवय, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो करण्याची पाळी आमच्यावर संगणकाच्या रॅमने आणली, हे वाचून वाचकांस नवल वाटेल. आम्हांलाही वाटते.

गोष्ट २०२४ सालची. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या चिरंजिवांनी एक कागद आमच्यापुढे ठेवला. दहावीच्या निकालानंतर आजीने दिलेले पैसे आणि आमची थोडी भर, यांतून तो खेळांसाठी एक संगणक स्वतःच्या हाताने जोडणार होता. बारावीच्या वर्षात मुलाला असले काही घेऊन देणारे आईबाप शहाणे नव्हेत, हे आम्हांला नातेवाइकांनी सांगून झाले आहे. पण शब्द दहावीला दिला होता आणि दीड वर्ष टाळला होता. आता टाळणे बरे दिसेना.

कागदावर सुट्या भागांची यादी होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड वगैरे. प्रत्येकापुढे एक नाव, एक किंमत. फक्त रॅमच्या ओळीत खाडाखोड होती. ‘४८००, सीएल ४०’ खोडलेले. ‘८०००, सीएल ४०’ खोडलेले. ‘६०००, सीएल ३६’ खोडून पुन्हा लिहिलेले आणि पुन्हा खोडलेले. शेवटी ‘६०००, सीएल ३०’. पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला हस्तलिखितात सर्वांत रस असतो तो खोडलेल्या ओळीत. आम्ही विचारले, “आठ हजाराची खोडून सहा हजाराची का घेतलीस? मोठा आकडा चांगला नव्हे का?”

तो गप्प राहिला. आम्ही मान हलवली, आणि विषय बदलला.

येथे थोडे मागे जायला हवे. आमचा मुलगा लहानपणापासून उशिरा बोलणारा. तोतरेपणा नाही, ऐकण्यात दोष नाही. दोन्ही तपासून झाले होते. प्रश्न विचारला की तो थांबतो, इतकेच. चौथीत असताना आम्ही त्याला तालुक्याच्या वक्तृत्वस्पर्धेत उभे केले. भाषण आम्हीच लिहून दिलेले, त्याला मुखोद्गत झालेले. मंचावर त्याने नमस्कार केला आणि तो उभा राहिला. नुसता उभा राहिला. परीक्षकांनी घंटी वाजवली तेव्हाही तो तसाच उभा होता. परतताना एसटीत आम्ही दोघांनी त्याला जे सुनावले ते आज आठवले तरी मान खाली जाते. घाट संपल्यावर, खिडकीकडे तोंड करून, त्याने ते सबंध भाषण पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत न अडखळता म्हटले. आम्ही म्हणालो, “आता काय उपयोग?”

तेव्हापासून घरात एक रीत पडली. त्याला विचारायचे, क्षणभर थांबायचे, आणि मग त्याच्या वतीने आपणच उत्तर द्यायचे. त्या वर्षी जूनमध्येही आम्ही त्याला विचारले होते, “इंजिनिअरिंगलाच जायचं ना?” तो गप्प राहिला. ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ असे संस्कृतात म्हणतात. आम्ही शिकवणीची फी भरून टाकली.

असो. कागद दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री, आम्ही उत्तरपत्रिका तपासत बसलो असता तो समोर येऊन बसला आणि काही प्रस्तावना न करता म्हणाला, “आठ हजाराची का नाही, ते सांगतो.”

त्याने जे सांगितले ते आमच्या भाषेत असे. रॅम म्हणजे अतिसूक्ष्म कोठ्यांची विशाल मांडणी. आडव्या ओळी आणि उभे स्तंभ. प्रत्येक कोठीत विद्युत्भाराचा एक कण साठवलेला. असला तर एक, नसला तर शून्य. एका कोठीला एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र, ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली आणि १९६८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. आजची रॅम त्याच तत्त्वावर चालते. या कोठ्या गळक्या असतात. भार झिरपून जातो, म्हणून तो सेकंदाला कित्येक वेळा पुन्हा भरावा लागतो. शिवाय वाचताना कोठी रिकामी होते. वाचलेले लगेच जागच्या जागी परत लिहावे लागते. स्मृती वाचली की पुसते आणि पुन्हा लिहावी लागते, हे ऐकून आमच्यापैकी एकाला आत्मचरित्रे आठवली. दुसरीने त्याला गप्प बसवले.

आता प्रोसेसरला एखादी गोष्ट हवी झाली की काय होते? ग्रंथालयाचे उदाहरण त्यानेच दिले, आम्हांला समजावे म्हणून. वाचक काउंटरवर चिठ्ठी देतो. ग्रंथपाल आत जातो, हवे ते कपाट उघडतो. म्हणजे ओळ उघडली. मग त्या कपाटातले नेमके पुस्तक काढतो. म्हणजे स्तंभ गाठला. ओळ उघडी असताना स्तंभाची मागणी केल्यापासून पहिला मजकूर हाती येईपर्यंत घड्याळाचे जितके ठोके जातात, तो आकडा म्हणजे सीएल, कॅस लेटन्सी. आणि एकदा पुस्तके येऊ लागली की ती काउंटरवर किती झपाट्याने येत राहतात, तो वेग म्हणजे ४८००, ६०००, ८०००. हा आकडा दर सेकंदाला होणाऱ्या हस्तांतरांचा, दशलक्षांत मोजलेला. ठोक्याच्या चढावर एक आणि उतारावर एक अशी दोन हस्तांतरे होतात, म्हणून ६००० च्या रॅमचे खरे घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचे.

“म्हणजे चाळीसपेक्षा तीस बरे,” आम्ही म्हणालो.

त्याने मान हलवली. नाही. आणि थांबला. या वेळी आम्हीही थांबलो, कारण आमच्याकडे देण्याजोगे उत्तरच नव्हते.

“ठोके किती ते नुसतं सांगून चालत नाही,” तो म्हणाला. “एक ठोका केवढा तेही सांगावं लागतं.”

आणि येथे आमच्यातल्या छंदवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या मात्रा आहेत! तीनतालाच्या सोळा मात्रांना वेळ किती लागतो? हा प्रश्नच अपुरा आहे. विलंबित लयीत तेच आवर्तन मिनिटभर चालेल, द्रुत लयीत पाच-सात सेकंदांत संपेल. सीएल म्हणजे मात्रांची संख्या. वेग म्हणजे लय. दोन्ही कळल्याविना काळ कळत नाही. त्याने हिशोब मांडला: सीएलला दोन हजारांनी गुणायचे आणि वेगाने भागायचे, येते ती संख्या नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशांत. ४८०० ला ४०, म्हणजे १६.६७. ६००० ला ३६, म्हणजे १२. ६००० ला ३०, म्हणजे १०. आणि ८००० ला ४०, म्हणजे तेही १०.

मग आठ हजाराची का नको? पहिला शब्द दोघींचाही एकाच वेळी येतो. पण त्याने निवडलेल्या प्रोसेसरच्या पिढीत, म्हणजे रायझन ७००० मध्ये, स्मृतीचा कारभार पाहणारा नियंत्रक साधारण ६००० पर्यंतच रॅमच्या घड्याळाच्या पावलाशी पाऊल मिळवून चालतो. त्यापलीकडे तो अर्ध्या गतीवर उतरतो आणि वाढवलेल्या वेगाचा बराचसा लाभ तेथेच गळून जातो. गायक द्रुतात गेला आणि तबलजी मागे राहिला तर मैफल रंगत नाही, असे आम्ही म्हणालो. तो हसला. “तसंच,” म्हणाला.

त्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती आम्हांला सर्वांत चकित करणारी वाटली. आमच्या घरातला पहिला संगणक २००४ सालचा. त्या काळच्या डीडीआर ४०० जातीच्या चांगल्या पट्ट्यांचा सीएल होता २. हिशोब करून पाहा: दहा नॅनोसेकंद. पुढे डीडीआर २ आली. ८०० वेग, सीएल ५, म्हणजे साडेबारा. मग डीडीआर ३; १६००, सीएल ९, म्हणजे सव्वाअकरा. डीडीआर ४, ३२००, सीएल १६, म्हणजे दहा. आता डीडीआर ५. ६०००, सीएल ३०, म्हणजे पुन्हा दहा. एका पट्टीतून दर सेकंदाला वाहणारा मजकूर ३.२ गिगाबाइटांवरून ४८ गिगाबाइटांवर गेला, पंधरा पट. पहिला शब्द यायला लागणारा वेळ मात्र जिथल्या तिथे.

कारण सरळ आहे. एका खेपेत अधिक पुस्तके उचलून आणण्याची युक्ती दर पिढीगणिक सुधारता आली. पण आत कपाटापाशी जाऊन, त्या इवल्याशा भाराचा कौल घेऊन, एक की शून्य हे ठरवायला जो वेळ लागतो तो पदार्थाच्या स्वभावाचा आहे. त्याला घाई करता येते ती थोडीच.

तो अर्धा तास बोलत होता. इतका वेळ सलग बोलताना आम्ही त्याला त्या एसटीनंतर ऐकले नव्हते.

सुट्टीच्या पहिल्या शनिवारी आम्ही तिघे मुंबईला गेलो. पनवेलपर्यंत एसटी, पुढे गाड्या बदलत ग्रँट रोड, आणि तेथून पायी लॅमिंग्टन रोड. रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण संगणकाचे सुटे भाग शोधणारा कोणीही त्या नावाने पत्ता विचारत नाही. दुकानात उभे राहायला जागा नव्हती. काउंटरवरच्या माणसाने यादी पाहिली आणि म्हणाला, “सर, रॅम आठ हजारवाली न्या. पुढे पाच वर्षं बघायला नको.”

मुलगा थांबला. मागे गिऱ्हाइके उभी होती. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे पाहू लागला, आणि आमच्यापैकी एकाने सवयीने तोंड उघडले. दुसरीने त्याच्या कोपराला हात लावला.

“या बोर्डावर तिचा उपयोग नाही,” मुलगा म्हणाला. “सहा हजार, सीएल तीस. सोळा-सोळाच्या दोन.”

डबा आला. त्याने तो उलटा केला आणि एका ओळीवर बोट ठेवले. सीएल ३६ होता. दुसरा डबा बाराशे रुपयांनी महाग.

“दोन नॅनोसेकंदांसाठी बाराशे रुपये?” आम्ही विचारले. प्राध्यापकाच्या घरात बाराशे रुपयांना अजून अर्थ आहे. उत्तर दुकानात मिळाले नाही. ते पनवेलला एसटीची वाट पाहताना मिळाले. एका नॅनोसेकंदात प्रकाश सुमारे तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे शाळेतल्या एका फूटपट्टीएवढा. दोन नॅनोसेकंद म्हणजे दोन फूटपट्ट्या. माणसाच्या हिशोबी काहीच नव्हे. पण पाच गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदांचा, त्याच्या हिशोबी दोन नॅनोसेकंद म्हणजे दहा ठोके हात बांधून उभे राहणे. आणि सीएल हा तर प्रवासाचा केवळ एक टप्पा. रॅमपर्यंतच्या सबंध फेरीला साठ-सत्तर नॅनोसेकंद, कधी त्याहून अधिक लागतात. हे टळावे म्हणून प्रोसेसर नेहमी लागणाऱ्या गोष्टी स्वतःजवळच्या कॅशमध्ये ठेवतो. जे तेथे सापडत नाही त्यासाठीच रॅमकडे जावे लागते.

“खेळात दिसतो का हा फरक?” आम्ही विचारले.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने जे सांगितले त्यातला प्रामाणिकपणा आम्हांला आवडला. बहुतेक खेळांत नाही, म्हणाला. चित्रे झगमगीत ठेवली तर सगळे ओझे ग्राफिक्स कार्डावर असते आणि रॅम कोणती यावाचून फारसे अडत नाही. फरक पडला तर काउंटर-स्ट्राइक २ सारख्या खेळांत, तोही सरासरीत थोडा. अधिक जाणवतो तो अधूनमधून बसणाऱ्या झटक्यांत. सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राच्या वाट्याला सात मिलिसेकंदही येत नाहीत. एखादेच चित्र तीस घेऊन आले तरी डोळ्याला खुपते. सरासरी चांगली असूनही खेळ वाईट वाटतो तो अशा चुकार चित्रांमुळे. चार पट्ट्यांऐवजी दोनच का, तर चार लावल्या की या बोर्डांवर वेग बराच खाली आणावा लागतो. आणि एवढे करून मदरबोर्डाच्या मांडणीत जाऊन एक्स्पो नावाची सोय चालू केली नाही, तर ६००० ची रॅम निमूटपणे ४८०० सारख्या मूळ वेगावर चालत राहते, आणि पुष्कळांना ते कधीच कळत नाही.

जोडणी रविवारी रात्री झाली. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसल्या. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

एक मिनिट गेले. आमच्यापैकी एकाने म्हटले, “काहीतरी चुकलंय. बंद कर.” दुसरी म्हणाली, “दुकानदाराला फोन लावू या.” तो म्हणाला, “थांबा.” नवी रॅम बसवली की हा बोर्ड पहिल्यांदा तिची परीक्षा घेतो, म्हणाला, कोणत्या क्षणी, किती दाबाने विचारले तर ती बिनचूक उत्तर देते, हे चाचपून पाहतो. त्याला काही मिनिटे लागतात. तेवढ्यात घाबरून बटण दाबले तर सारे पहिल्यापासून. या क्रियेला मेमरी ट्रेनिंग म्हणतात.

दिवा बंद होता. काळ्या पडद्यासमोर आम्ही तिघे जमिनीवर बसलो. करण्यासारखे काही नव्हते आणि बोलण्यासारखेही काही सुचत नव्हते. आमच्या घरात अशी शांतता कधी नसते.

“आई,” तो म्हणाला, “तुम्ही जूनमध्ये विचारलं होतं. इंजिनिअरिंगचं.”

आम्ही दोघेही बोलणार होतो. फी, सीईटी, शेजारचा मुलगा, भविष्य. वाक्ये तयार होती, आमची नेहमीच तयार असतात. का कोण जाणे, ती आम्ही तोंडात धरून ठेवली.

“मला नाही जायचं. मला फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचंय. मी त्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही फॉर्म भरायला घेतलात.”

त्यानंतर पडदा उजळला. किती मिनिटांनी, ते आम्ही पाहिले नाही.

त्या रात्री आम्ही दोघे उशिरापर्यंत जागे होतो. त्याने निवडलेली वाट बरोबर की चूक, यावर आमचे एकमत झाले नाही. अजूनही पुरते झालेले नाही. प्राध्यापकांच्या नेमणुकांची अवस्था आम्ही रोज पाहतो, आणि विज्ञानाच्या पदवीधराची वाट किती खडतर असते हेही. पण एका गोष्टीवर आम्ही मुकाट्याने सहमत झालो. जूनमध्ये आम्ही प्रश्न विचारला नव्हता. विचारल्याचा विधी केला होता.

अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संवादाचे ध्वनिमुद्रण करून मोजले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांबतात, निरुत्तर राहण्याचे प्रमाण घटते, आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागतात. हा संशोधनाचा भाग आम्ही सेवांतर्गत प्रशिक्षणात ऐकला होता, टिपणवहीत उतरवून घेतला होता, आणि विसरलो होतो. आता वर्गात प्रश्न विचारल्यावर आम्ही मनात मात्रा मोजतो. पहिल्या बाकावरचे हात लगेच वर येतात. ते खाली ठेवायला सांगतो. फार अवघड जाते. शांतता पसरली की आपल्याला विषय येत नाही असे मुलांना वाटेल, ही भीती शिक्षकाला असतेच. पण तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला मागच्या बाकावरून कधी कधी असे काही येते, जे आम्हांला इतकी वर्षे ऐकूच आले नव्हते. आमच्या वर्गांतून असे किती जण गेले असतील, याचा हिशोब मांडण्याचे धैर्य मात्र आमच्यात नाही.

तो पुढे बीएस्सीला गेला. संगणक त्याच्या खोलीत आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मागणी वाढवली आणि रॅमच्या किमती भडकल्या, तेव्हा आमच्या बाराशे रुपयांचे दुःख आपोआप नाहीसे झाले. त्या दोन नॅनोसेकंदांचा खेळात उपयोग झाला का, हे आम्ही त्याला मध्यंतरी विचारले आहे. उत्तर अजून यायचे आहे. आम्हांला घाई नाही.